भय्यासाहेबांच्या घरच्या चार सुया

भय्यासाहेब जबलपुरातल्या आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या गल्लीचे पार्षद, म्हणजे नगरसेवक. घरात मराठी, पण शहराच्या सभेत उभे राहिले की अशी हिंदी झाडत, की हिंदीवाल्यांनी तोंडात बोट घालावं. अशी हिंदी तुंबलेल्या नालीवर खर्च करायला त्यांचा जीव होत नसे. त्यांना विषय मोठा लागे, आणि एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो मिळाला.

सीमेपलीकडून लाखो माणसं पळून आली होती. पूर्वेकडच्या छावण्यांत हैज्यानं, म्हणजे कॉलऱ्यानं, लेकरं मरत होती. जगातली बडी सरकारं औषध पाठवू की नको, यावर चर्चा करत बसली होती. लढाई अजून लागायची होती, पण आमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांना ती आधी कळते. ओव्हरटाइम सुरू झाला होता. फॅक्टरीच्या दवाखान्यात कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना हैज्याची सुई टोचून झाली होती. भय्यासाहेबांचा मुलगा श्रीरंग फॅक्टरीत, म्हणून त्यांच्या घरच्या चौघांनाही ती मिळाली.

बाकी गल्लीला दर साली पावसाळ्याआधी शहराकडून शाळेत सुया टोचत. यंदाची लशीची पेटी येऊन पडली होती. भय्यासाहेबांनी सभेत ठराव मांडला, की ही सगळी पेटी छावण्यांकडे पाठवावी. बड्या देशांना लाज वाटू दे, आणि जबलपूर काय चीज आहे तेही कळू दे.

आरोग्य अधिकारी डॉक्टर विनताबाई उठल्या. म्हणाल्या, गावानं जगाबद्दल बोलू नये असं माझं म्हणणं नाही. दिल्लीला खडसावून पत्र लिहा, परदेशी सरकारांचा निषेध करा, वर्गणी काढा, मीही देते. पण ही पेटी तुमची नाही. ज्यांच्या दंडात ती जायची आहे त्यांची आहे, आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं कोणीतरी मागून पुटपुटलं. सभा हसली. मग भय्यासाहेबांनी डावा हात छातीशी धरला आणि आवाज चढवला, "हमारे घर के चारों टीके भी इसी पेटी में जाएँगे!"

घरच्या चारही सुया दिल्या म्हणताच टाळ्यांचा पाऊस पडला. ठराव एकमतानं पास झाला. छातीशी धरलेल्या त्या हाताचा फोटोसुद्धा पेपरात आला. आम्ही गल्लीवाल्यांनी त्यांना हार घातला. आम्हीही काही कमी शहाणे नव्हतो.

हात छातीशी धरला होता तो भावनेनं नव्हे. आदल्या दिवशीच्या सुईनं दंड सुजला होता.

घरी पत्नी भानुमतीबाई शेकायला मिठाची पुरचुंडी घेऊन बसल्या. "चार सुया देल्ल्या म्हणता, अन् दंड कोणाचा दुखून राहिला?"

"ह्या फॅक्टरीच्या. गल्लीच्या पेटीतल्या आपल्या चार सोडल्याच ना आपण?"

"लोकाइले हे सांगितलं?"

"काहून विषय वाढवून राहिली?" भय्यासाहेब म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली. त्या कुशीवर दंड जास्तच ठणकला.

श्रावणात गल्लीच्या विहिरीत नालीचं पाणी शिरलं. भय्यासाहेबांच्या घरासमोर गुणवंतची पिठाची गिरणी. त्याची बायको कुंदा सकाळी दळण घेत होती, दुपारी ती उभी राहू शकेना. भय्यासाहेबांनी स्वतः रिक्षा आणली. दवाखान्यात खाट नव्हती, तर जमिनीवरच्या चटईजवळ सलाइनची बाटली हातात धरून ते उभे राहिले. दिवेलागणीला कुंदा गेली. बाटली अर्धी भरलेली होती. ती खाली ठेवावी हे त्यांना सुचेना. शेवटी नर्सनं ती काढून घेतली.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी विनताबाईंना विचारलं, "सुई असती, तर वाचली असती?"

"कदाचित. सुई म्हणजे काही कवच नाही. कित्येकदा सुई घेऊनही माणूस जातो." त्यांनी चष्मा पुसला. "पण हे 'कदाचित' आता तुम्हालाच सांभाळायचं आहे."

त्याच आठवड्यात सभेत कळलं, की पेटी छावणीत पोचली आणि एका दिवसात संपली. म्हणजे तिकडची कुणाची तरी कुंदा वाचली असेल. लेकरं तिकडचीही लेकरंच. भय्यासाहेब मनाला हे पुन्हा पुन्हा सांगत, आणि ते खरंच होतं. पण समोरची गिरणी बंद दिसली की त्यांना स्वतःची शरम वाटे. सुया दिल्या याची नव्हे. दुसऱ्याच्या दिल्या, आणि आपल्या म्हणून टाळ्या घेतल्या, याची.

तेराव्याला गल्ली जेवून उठली. गुणवंत गिरणीच्या पायरीवर बसला होता. भय्यासाहेब त्याच्याजवळ गेले, मागून भानुमतीबाई.

"तुमी मनाले लावून घेऊ नका, भय्यासाहेब," गुणवंतच उलट समजूत काढू लागला. "तुमी तर सोताच्या घरच्या सुया देल्ल्या. तुमीबी आमच्यासारखेच बिनसुईचे, उघडे होते. देवानं राखलं तुमाले. अच्छा झालं."

मान हलवली असती तरी भागलं असतं. भानुमतीबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

"आम्ही उघडे नव्हतो, गुणवंत," भय्यासाहेब म्हणाले. सभेतला तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "आम्हाला फॅक्टरीत आधीच टोचली होती. चौघांनाही. भाषण केलं तेव्हा माझा दंड दुखत होता."

गुणवंत ओरडला असता, अंगावर धावून आला असता, तर बरं झालं असतं. तो त्यांच्या डाव्या दंडाकडे बघत राहिला.

"लई दुखते काय हो ती सुई?"

"दोन दिवस. मग काही नाही."

"कुंदाले सुईचं लई भेव होतं," गुणवंत म्हणाला. "दर साली शाळेच्या फाटकावरून परत फिरे. यंदा मी तिले राजी केलं होतं."