आणखी एक तांब्या

रश्शात तांब्याभर पाणी ओतलं की एक पाहुणा येतो. बाकी गावांत पाहुणा आला म्हणून रस्सा वाढवतात. आमच्या पेठेत आधी पाणी, मग पाहुणा. कोण येणार हे आपल्या हातात नसतं. आलेला माणूस जेवल्याशिवाय हलत नाही, आणि जेवला की जिथून आला तिथं परत जातो, हात धुवायलासुद्धा थांबत नाही.

म्हणून तालमीच्या तांबडा रस्सा स्पर्धेत सगळ्या बायका पाणी जपून घालतात. गेल्या साली पहिल्या आलेल्या शकूच्या चुलीपाशी चिटपाखरू नव्हतं. रस्सा असा घट्ट की पळी उभी राहिली. ढाल घेऊन एकटीच घरी गेली बिचारी.

यंदा ढाल माझीच होती. उन्हाळ्यात डंकावर बसून वर्षाची चटणी माझ्या डोळ्यांदेखत कुटून घेतली होती, रंगाला ब्याडगी आणि जाळाला लवंगी. ती चटणी मटणात पडली मात्र, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले वस्ताद सटासट शिंकले. वस्ताद म्हणजे तालमीचे म्हातारे पैलवान, परीक्षक तेच. त्यांच्या आधी कुणाच्या तोंडात एक थेंब गेला तर भांडं बाद, असा कडक नियम.

"हाणलीस की ढाल, मालन!" आमचे मालक चुलीत लाकूड सारत म्हणाले.

मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, लगेच रागही आला. कारण वन्सं नव्हत्या. वन्सं म्हणजे मालकांच्या थोरल्या बहीण, हौसाक्का, गडहिंग्लजला असतात. मी लग्न होऊन आल्यापासून दर सणाला त्यांनी माझ्या हातचा रस्सा भुरकला आणि दर खेपेला एकच शब्द टाकला, "पाणचट." त्या तोंडातून एकदा, फक्त एकदा, 'झणझणीत' ऐकायचं, एवढ्यासाठी तर माझा जीव जळत होता. पण त्यांचे मालक, धोंडीरामदाजी, वारल्यापासून वन्संनी उंबरा ओलांडला नव्हता. फोन केला तर म्हणाल्या, "मला कुठं यायाचं न्हाई आता. तुमी खावा."

मग ती ढाल घेऊन काय चाटायची? मी इकडंतिकडं बघितलं आणि तांब्याभर पाणी ओतलं.

मांडवाची कनात हलली. इस्लामपूरचा एक विमा एजंट आत आला, मालकांशी हात मिळवून खुर्चीत बसला. "घाई नाही," म्हणाला, "जेवूनच जातो."

दुसऱ्या तांब्याला माझी शाळेतली मैत्रीण बायजा आली. ती अजून सहावीतच होती. मला ओळखलं तिनं, पण मावशी म्हणाली. मग बँडवाला आला, ट्रंपेट वाजवतच. त्याच्या मागच्या तांब्याला म्हैस आली. म्हैस पाहुण्यांत धरायची का, यावर शकूनं वाद काढला, पण म्हैस तोवर गपगुमान पंगतीत बसली होती, त्यामुळं विषय मिटला.

"मालन, बास की आता! रस्सा करालीस का पंचगंगेला पूर आणालीस?" मालक ओरडले.

"हा शेवटचा," मी म्हणाले. प्रत्येक तांब्याला मी हेच म्हणत होते.

मधेच सासूबाई आल्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण जेवणाचं बोलावणं त्यांनी जिवंतपणीही कधी मोडलं नव्हतं. पदर खोचून त्यांनी पातेल्यात डोकावलं. "मीठ घाल," म्हणाल्या, आणि लाकडाच्या ढिगावर जाऊन बसल्या.

मांडव मात्र वीतभरही वाढत नव्हता. बँडवाला म्हशीवर बसला, त्याच्या पाठीला पाठ लावून एक तलाठी. वस्तादांची खुर्ची उचलून लाऊडस्पीकरच्या खोक्यावर ठेवावी लागली. गर्दीनं मला पातेल्याला असं चिकटवलं की कोपर हलेना, पळी नुसत्या मनगटानं फिरवायची. रस्सा तांबड्याचा भगवा झाला, भगव्याचा पिवळट. मला रडू यायला लागलं. पातेल्यात आता एका तांब्यापुरतीच जागा होती. देवाचं नाव घेतलं आणि ओतलं.

कनातीतून आधी पिशवी आली, मग छत्री, मग वन्सं.

"मला कुणी आणलं हितं? ग्यासवर कुकर हाय माझा!" वन्सं माणसं ढकलत माझ्यापर्यंत आल्या, पातेल्यात बघितलं आणि म्हणाल्या, "पाणचट." चवसुद्धा घेतली नाही.

मला इतकं बरं वाटलं की मी खदाखदा हसले. "व्हय वन्सं. तुमच्यापायीच झालाय."

त्या आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर ढिगाकडं गेली. "आई? तू कशी आलीस?"

"हिनं पाणी घातलं, आले," सासूबाई म्हणाल्या.

वन्संनी पातेल्याकडं बघितलं, कनातीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आवाज एकदम खाली आला. "कुणीबी येतं?"

"कुणीबी. पर आपल्या हातात नसतंय, वन्सं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. माझ्या हातातला तांब्या घेतला, पिंपातून भरला आणि पातेल्यावर धरला. पण पातेलं काठोकाठ होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, तांब्या वर धरून.

"थोडा उपसून टाकूया का?" मालक म्हणाले.

"अन्न टाकत्यात व्हय रं?" सासूबाईंनी लेकाला झापलं.

इकडं लाऊडस्पीकरवर आमचं नाव पुकारलं. चूल क्रमांक सात. चालायला वाट नव्हती, म्हणून वस्ताद खुर्चीसकट लोकांच्या डोक्यांवरून आमच्याकडं सरकू लागले. आणि गंमत बघा, मीठ पडल्यापासून रश्शाचा वास पुन्हा उठला होता. वस्ताद वाटेतच शिंकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढाल अजून गेली नव्हती.

सासूबाई ढिगावरून उठल्या आणि वाटी माझ्यापुढं धरली. "मला वाढ."

"आत्याबाई, वस्तादांच्या आधी वाढलं तर भांडं बाद हुतंय."

"ठावं हाय. माझं जावई यायचं राहिल्यात. मी जेवले की तांब्याभर जागा हुईल."

"आई, नगं," वन्सं म्हणाल्या. "आत्ताच तर भेटलीस."

"भेटले न्हवं? मग झालं. वाढ गं, मालन."

वस्ताद आता चार डोक्यांच्या अंतरावर आले होते. त्यांनी हातात भाकरीचा तुकडा धरलेला मला दिसत होता. ढाल कुठं ठेवायची तेही मी ठरवलं होतं, टीव्हीच्या वर. मी पळी तळापर्यंत घातली, जिथं चटणी बसली होती तिथून भरून काढली आणि सासूबाईंच्या वाटीत ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. त्यांनी फुंकर मारली आणि उभ्याउभ्याच सगळं भुरकलं. नाक पुसलं. लेकीच्या गालाला हात लावला. मग ढिगापाशी नुसती लाकडं होती, आणि वाटी माझ्या हातात.

"चूल क्रमांक सात, बाद!" लाऊडस्पीकर ओरडला. बँडवाल्यानं उत्साहात ट्रंपेट फुंकला.

वन्संनी तांब्या पातेल्याच्या काठाशी आणला. एक थेंबही बाहेर जायला नको, म्हणून मी त्यांच्या मनगटाखाली हात धरला. आम्ही दोघींनी मिळून तांब्या वाकडा केला.

कनात हलली. सगळा मांडव, म्हशीसकट, तिकडं वळला.