अंजिराचा चीक

मी एक जुनी छाटणीची कात्री आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या प्लेनो गावच्या एका दुकानातून मला सासवडच्या प्रल्हादआजोबांनी उचललं. लेकाकडे राहायला आले होते. त्यांनी परसात अंजीर लावलं आणि मला नेमाने तेल पाजलं. "हिच्यासारखी धार गावात नाही," म्हणायचे. मी अशी चढून जायचे!

ते सासवडला परतले आणि माझे हाल सुरू झाले. त्यांच्या लेकाने, परीक्षितने, मला कुंपणाशी टाकून दिलं. अंगावर गंज चढला. यंदाच्या थंडीने तर परसाची कत्तलच केली. बर्फाच्या भाराने फांद्या ताडताड मोडल्या, खोडं उभी फाटली, अंजीर काळंठिक्कर पडलं. त्याच आठवड्यात तिकडे आजोबा गेले. परतीच्या व्हिसाच्या भानगडीत परीक्षितला जाताच आलं नाही.

मार्चमध्ये शेजारची झाडं हिरवी झाली, अंजीर मात्र ढिम्म. एका शनिवारी परीक्षितने मला उचललं आणि झाडावर तुटून पडला. काय सांगू तुम्हांला! कचाकच, कचाकच. छाटायचं नव्हतंच त्याला, मारायचं होतं. फांद्या पिरगाळून मोडत होता, बुंध्याला लाथा घालत होता. माझ्या तोंडात नुसता सुका भुसा.

"अरे, बास कर! बाबांनी लावलंय ते!" त्याची बायको उत्तरा दारातून ओरडली.

"डेड आहे यार, उत्तरा! मुळासकट काढून टाकतो." कुदळ त्याने आणून ठेवलीच होती.

अगदी जमिनीलगत त्याने मला दाबलं, आणि माझ्या पात्याला ओलं लागलं. चीक! अंजीर जिवंत होतं, मित्रांनो, आणि माझ्याच दाताखाली होतं. मी गंजलेली, तिथेच अडकून बसले. त्याने संतापून हिसडा दिला. मी सटकले आणि त्याच्याच अंगठ्यात रुतले.

शिवी हासडून त्याने मला भिरकावलं. मग खाली बघितलं. रक्ताच्या थेंबाशेजारी चिकाचा पांढरा थेंब फुगत होता. परीक्षित मटकन मातीत बसला आणि बाप गेल्यावर पहिल्यांदाच ढसाढसा रडला.

कुदळ गॅरेजमध्ये परत गेली. आता बुंध्याशी कोंब आलेत.

मित्रांनो, थंडीने करपलेलं झाड लगेच उपटू नका. नखाने साल खरवडा, खाली ओल दिसते का बघा, थोडी कळ काढा. आणि कात्रीला तेल पाजत जा, नाहीतर ती धन्यालाही सोडत नाही.

परवा परीक्षितने माझा गंज घासून काढला. पात्यावरून जखमेचा अंगठा हलकेच फिरवला आणि पुटपुटला, "हिच्यासारखी धार गावात नाही."