बाजा बसवलेली बुलेट

हे कुणालाही खरं वाटायचं नाही. आंबोलीच्या फादरनाही वाटलं नव्हतं, आणि विश्वास ठेवणं हेच तर त्यांचं काम. तेव्हा ज्याला ऐकायचं आहे त्याने ओट्यावर नीट टेकून बसावं, आणि मधे तोंड घालू नये.

अंधेरीच्या आंबोली गावठाणात कॉस्मस नावाचा एक जवान होता. उंचापुरा, दाट केसांचा, देखणा, आणि एवढं सगळं असून नम्र. एकाहत्तर साल असेल. पूर्वेकडच्या नव्या औद्योगिक वसाहतीत तो फिटर होता आणि त्याच्या बुडाखाली मिलिटरीच्या लिलावातली बुलेट होती. गाडी झकास, पण सायलेन्सर सडलेला. खाडीचा खारा वारा खाऊन खाऊन त्याचं पत्र्याचं पोट गळून गेलं होतं. किक मारली की गाडी अशी खोकायची, की शेजारची म्हातारी ओव्याचा काढा घेऊन बाहेर यायची.

खाडीचा वारा लागायचं कारण ज्युलिया. ती राहायची पलीकडे मनोरीला. दर रविवारी कॉस्मस मालाडवरून मार्व्याच्या धक्क्यापर्यंत जायचा, गाडी तिथेच लावायचा आणि होडीने पलीकडे. ज्युलियाचा बाप अल्फान्सो म्हणजे दोन बोटींचा मालक, मिशा तर शिडासारख्या. तो एकदा म्हणाला, “दर वेळी चोरासारखा पायी काय येतोस रे? वाजतगाजत माझ्या दारात ये, पोर देतो. पण उपासाचे दिवस लागायच्या आत ये. नंतर ईस्टरपर्यंत लग्नं नाहीत, नि वसईचं स्थळ तोवर थांबायचं नाही.”

वाजतगाजत! कॉस्मसच्या डोक्यात किडा वळवळला. त्याचा मामा हयातभर गावठाणच्या बँडात मोठा पितळी बाजा फुंकत होता. मामा गेला, बाजा भिंतीवर राहिला. त्या वर्षी कारखान्यातली पोरं सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकत होती, म्हणजे गाडी फाडफाड बोलते. कॉस्मस म्हणाला, नुसती फाडफाड कशाला, सुरात बोलू दे. बाजा काखेत मारून तो वसाहतीतल्या दत्ताराम वेल्डरकडे गेला.

“येडा झालास काय? लोखंडाला पितळ?” दत्ताराम म्हणाला.

“पितळेचा डाग दे ना यार.”

“देतो की. पण माझ्या हातचा डाग निघत नाही हां. बायकोने एकदा पातेल्याचा कान उपटायला घेतला. पातेलं फाटलं, कान तसाच.”

सायलेन्सर उतरला आणि त्या जागी बाजा बसला, कर्ण्याचं तोंड मागे करून. कॉस्मसने किक मारली आणि आजूबाजूच्या कारखान्यांतली मशिनं आपणहून बंद पडली. असा आवाज! वेग घेतला की गाडी वरचा सूर धरायची, वळणावर घुटमळायची, आणि मामाची सवय होती तशी उतारावर मधेच एक श्वास घ्यायची. घरी आय दारात येऊन रडायलाच लागली. “माझा भाव परत आयला,” म्हणाली.

इथवर ठीक होतं. पण आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातात, आणि ते पाणी घेऊन बँड परत थांबतो तो लग्नघराच्याच दारात. दुसऱ्या कुठल्या दारात बँड थांबत नाही. कॉस्मस एकदा ओर्लेमला सिगारेट घ्यायला थांबला. काडी पेटते न पेटते तोच पाखाडीतल्या बायका लाल लुगडी नेसून, डोक्यावर कळशा घेऊन हजर! समोरचं घर होतं रीटा म्हातारीचं. नवरा केव्हाच वारलेला, तोंडात मोजून दोन दात. तिला धरून बायकांनी नवरीला चोळतात तसा अंगाला नारळाचा रस चोळला. ती “नको गं, नको गं” म्हणत होती, पण हळू. पुढच्या महिन्यात गोराईच्या एका विधुराशी तिचं लग्न लागलंसुद्धा.

तुम्ही हसा. कॉस्मसची मात्र वाट लागली. जिथे चाक थांबेल तिथे लग्न, आणि घरात लग्नाची पोरगी असेल तर नवरा तोच! त्याला बोंबील घ्यायला थांबता येईना, पाणी प्यायला थांबता येईना. पोरगी असलेले बाप रस्त्यात खाटा आडव्या टाकू लागले. एकाने तर दारापुढे खड्डाच खणला. कारखाना आणि मार्व्याचा धक्का सोडला तर सगळ्या उपनगरांत त्याला थांबायला एकच जागा उरली, ती म्हणजे दफनभूमी. तिथे कुणी कळशी घेऊन येत नसे. रोज कामावरून येताना तो दफनभूमीच्या भिंतीला टेकून दम खायचा, इंजिन बंद करायचा आणि ते धूड ढकलत ढकलत घरी न्यायचा. घामाघूम झालेला तो जवान क्रुसांकडे बघून म्हणायचा, तुम्ही सुटलात बाबांनो.

बाजा काढून टाकायचा होता मग, असं म्हणायला काय जातं? दत्तारामने गॅसची ज्योत धरली, तर डाग ढिम्म. कर्ण्यात काथ्या कोंबला, तर बाजा तोंड मिटून गुणगुणू लागला. ते आणखी वाईट. बायका म्हणाल्या, नवरा लाजाळू दिसतोय, चांगल्या घरचा असणार. शेवटी त्याने करवत उचलली, तर आय दारात आडवी. “माझ्या भावाचा गला हाय तो. कापायचा तं पयला माझा काप.” इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहिरीवर कळशा घेऊन बायका.

त्यात खारोडी. मार्व्याच्या रस्त्यावर खारोडी गाव, आणि गावात अगदी रस्त्याला लागून रोझारिओचं घर. त्याची थोरली मुलगी ल्युसी. भांडकुदळ म्हणजे किती, विचारू नका! रविवारी गाडी दिसली की कंबरेवर हात ठेवून पायरीवर उभी. “ए भोंग्या! वरचा सूर पडतोय तुझा!”

कॉस्मसला थांबून उत्तर देता येत नव्हतं. म्हणून तो जाताना ओरडायचा, “सूर कळतो का गं…” आणि संध्याकाळी परत येताना, “…तुझ्या बापाला?” तिचं उत्तर पुढच्या रविवारी. एकेक भांडण महिना महिना चालायचं.

आला उपासाच्या आधीचा शेवटचा रविवार. मार्व्याला होडीवाल्याने दोन होड्या एकत्र बांधून वर फळ्या ठोकल्या होत्या, गाडी पलीकडे न्यायला. मनोरीला अल्फान्सो मिशीला तेल लावून बसला होता. हिशेब सरळ होता. आज गाडी ज्युलियाच्या दारात थांबली तर ज्युलिया. त्याआधी कुठेही थांबली तर त्या दारातली जी असेल ती, जन्मभर.

कॉस्मसने सूट चढवला, टाकी काठोकाठ भरली आणि निघाला. जोगेश्वरीला तबेल्यातल्या म्हशी आडव्या आल्या. सूर ऐकताच त्या दोन्ही बाजूंना वऱ्हाडासारख्या रांगेने उभ्या राहिल्या. मालाडला काशीराम हवालदाराने हात केला.

“ए, थांब! लायसन!”

“लायसन देतो, पण थांबत नाय!” म्हणत कॉस्मस त्याच्याभोवती गोल गोल फिरू लागला.

“थांब म्हणतो ना!”

“साहेब, तुम्हाला पोरगी आहे?”

“आहे. का?”

“मग थांबवू नका!”

हवालदारही जागच्या जागी फिरत होता. शेवटी चक्कर येऊन तो मटकन रस्त्यात बसला आणि म्हणाला, “जा बाबा, पण सरळ जा.”

आता राहिली फक्त खारोडी. ती ओलांडली की मार्वे, मार्व्यापुढे खाडी, खाडीपुढे सुटका. कॉस्मसने श्वास रोखला. डोळे समोर, रस्त्यावर. आणि मंडळी, रोझारिओच्या दारासमोर, बरोब्बर दारासमोर, गाडीने मामाचा तो श्वास घेतला आणि सोडलाच नाही. बंद!

कॉस्मसने किक मारली. हूं नाही की चूं नाही. पुन्हा मारली. मारून मारून बुटाचा तळ सुटला, किकचा दांडा वाकला. तोवर विहिरीवरून कळशा निघाल्या होत्या. “जावई आयला! जावई आयला!” करत रोझारिओ त्याच्या गळ्यात पडला. पुढे गर्दी, मागे गर्दी, एका हाताला विहीर, दुसऱ्या हाताला ल्युसी. लांब मार्व्याला होडीवाला शीळ घालत होता, आणि ती ऐकू येत होती. पहिली कळशी डोक्यावर रिकामी झाली. सूट भिजला. तरी तो बिचारा त्या पाण्यात किक मारत होता, एखाद्या सापळ्यातल्या जनावरासारखा, शेवटपर्यंत मारत होता, देव साक्षी आहे…

“कॉस्मस!”

आतून गोष्ट सांगणाऱ्याच्या बायकोची हाक आली. लग्न झाल्यापासून ती ही गोष्ट चुलीपाशी बसून ऐकत आली होती आणि आजवर एक शब्द बोलली नव्हती. आज अर्धा साफ केलेला हलवा मासा हातात तसाच घेऊन ल्युसी ओट्यावर आली.

“बास झालं रे तुझं! किक कुठे मारलीस? गाडी चांगली चालू होती. तू चावी फिरवलीस, काढलीस, नि कोटाच्या आतल्या खिशात घातलीस. मी पायरीवरून बघत होते, मेल्या!”