झोपल्या का मेल्या?

त्र्याण्णव सालचा तो शनिवार प्रमोदिनी प्रधानचा होता. तीन वर्षं ती पीएचडीसाठी हळदीमागे लागली होती आणि काल पहिल्यांदा हळदीने तिचं ऐकलं होतं. त्या आनंदात ती ठाण्याच्या बाजारात पापलेट घ्यायला आली.

"आज दात झाकंनात तुझे. लगीन ठरला काय गो?" तिच्या नेहमीच्या कोळिणीने, मनुबाईने विचारलं.

"त्याहून भारी!" आणि प्रमोदिनी उकिडवी बसून सांगतच सुटली. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. वाहिनी आवळायची, सैल सोडायची, एवढंच त्यांचं काम. पण भिंतीला इजा झाली की त्या काम सोडतात आणि भराभर वाढत सुटतात. मग वाट अरुंद होते.

"म्हंजे काम सोरून पोरावर पोरा!"

"अगदी! उंदराच्या अशा पेशी मी काचेच्या बशीत वाढवल्या, हळदीचा अर्क घातला, तर वाढ बंद!"

मनुबाईने पापलेटाचे कल्ले उघडून लालभडक रंग दाखवला. "मंग झोपल्या का मेल्या?"

प्रमोदिनी ताडकन उठली. तिने पेशी फक्त मोजल्या होत्या, त्या जिवंत आहेत का हे बघितलंच नव्हतं. मासे घरी टाकून ती तडक प्रयोगशाळेत गेली. तिथला निळा रंग मेलेल्या पेशींत शिरतो, जिवंत पेशी त्याला आत घेत नाहीत. तिने तो घातला, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. सगळं निळंशार! अर्क इतका ओतला होता की एकही वाचली नव्हती. तिला आधी रडू आलं, मग हसू.

सोमवारपासून तिने अर्क दहापट कमी केला. तीन आठवड्यांनी पेशी कमी वाढल्या, पण कामावरच्या पेशींसारख्या लांबट, सडपातळ आणि जिवंत होत्या. ती धावत बाजारात गेली.

"झोपल्या, मनुबाई! झोपल्याच!"

"मंग दे बाटली. आमचा म्हातारा खारीच्या धक्क्यापर्यंत चालला तरी पोटऱ्या धरून बसतो. डॉक्टर बोल्ला, नस आवललीय."

"नाही हं! हे बशीतलं आहे, माणसाचं नाही. डॉक्टरांची औषधं द्या. आणि बिडी बंद."

मनुबाईने घरी जाऊन नवऱ्याला, नाथाला, बजावलं, "हलदवाल्या मॅडमचा हुकूम हाय, बिडी बंद."

नाथाने बिडी सोडली. कोळीवाड्यात मात्र तो महिनाभर सांगत फिरला, "उंदरांना हलद, आन् मना बिडीचा उपास!"