कागदाच्या तळ्यातला नांगर

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम हाती घेतात, आमच्या ह्यांनी समुद्र हाती घेतला. हे म्हणजे श्रीधर, कॉलेजात मराठी शिकवत. मी सुनीती, ह्यांची बायको. बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमधून समुद्र सोडाच, कालवासुद्धा दिसत नाही. बहुधा म्हणूनच ह्यांनी गलबतांवरचे जुने मराठी शब्द हा अभ्यासाचा विषय निवडला असावा. पुण्यात नौकानयनाच्या शब्दांत चुका काढणार कोण?

मग घरात गलबतं शिरली. होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ, शीड पेलणारा उभा खांब म्हणजे डोलकाठी, शिडाची आडवी काठी म्हणजे परबाण, होडी वळवायचं ते सुकाणू. मी पोळ्या लाटत असले की हे ओट्याशी उभे राहून मला डोलकाठी आणि परबाण यांतला फरक समजावत. ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान झालं आणि सोसायटीचा वॉचमनही 'कॅप्टनसाहेब' म्हणू लागला. खरी गोष्ट अशी की हे आयुष्यात एकदाही होडीत बसलेले नव्हते. घारापुरीच्या सहलीला आम्ही सगळे लाँचने गेलो तेव्हा हे धक्क्यावर पेपर वाचत बसले. पोहणंही येत नाही. पण येत नाही असं हे कबूल करतील तर शपथ. रस्त्यात कोणी पत्ता विचारला तर माहीत नसलेला पत्तासुद्धा हे तपशीलवार सांगतात.

त्या व्याख्यानाला आमचे व्याही हिंदुराव आले होते. पुण्याजवळच्या मांजरी गावात त्यांचा ऊस आहे. आमच्या श्यामसुंदरने आणि त्यांच्या विजयमालेने परस्पर लग्न ठरवलं, तेव्हापासून दोन्ही घरांत एकमेकांचा मान ठेवण्याची चढाओढ लागली आहे. आम्ही मुलाकडचे, म्हणून ते आम्हाला नाही म्हणत नाहीत. ते इतकं करतात, म्हणून हे त्यांना नाही म्हणत नाहीत. व्याख्यान संपवताना हे भारावून म्हणाले होते की एखादी शिडाची होडी असती तर सगळं प्रत्यक्ष दाखवलं असतं. हिंदुरावांनी ती मुलाच्या वडिलांची इच्छा समजली. धरणावरच्या कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेली होडी त्यांनी शोधून आणली, शेततळ्यात सोडली आणि पहिल्या फेरीचं आमंत्रण द्यायला जातीने आले.

हे आठवडाभर सर्दी होण्याची वाट बघत होते. सर्दी काही झाली नाही. मी म्हटलं, सांगून टाका की पोहता येत नाही.

"व्याह्यांना सांगू?" हे म्हणाले. "त्या घरात पुन्हा कोणत्या तोंडाने जेवायला बसू?"

तळ्याकाठी सगळी भावकी जमली होती. विहीणबाईंनी, म्हणजे तुळजाबाईंनी, होडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, दोघा व्याह्यांना ओवाळलं. हे देवाचं नाव घेत आत बसले, मागून हिंदुराव. पोरांनी होडी ढकलली आणि ह्यांनी पुस्तकात वाचल्याबरहुकूम शीड उभारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शीड उतरवायचं कसं, हे मात्र व्याख्यानात नव्हतं.

तेवढ्यात वारा सुटला. होडी समोरच्या काठाकडे निघाली, तिथे पंपाचे लोखंडी पाइप पाण्यात उतरलेले. ह्यांनी खणखणीत आवाजात हुकूम सोडला, "हिंदुराव, नांगर टाका."

आता, शेततळ्याच्या तळाला जाड प्लास्टिक अंथरलेलं असतं. शेतकरी त्याला कागद म्हणतात. तो फाटला की पाणी जमिनीत जिरून जातं, म्हणून तिथे शेळीसुद्धा फिरकू देत नाहीत. हिंदुराव तो अणकुचीदार लोखंडी नांगर हातात धरून क्षणभर थांबले.

"टाकू म्हणता, इवाई?"

"टाका."

मुलाच्या वडिलांचा शब्द. त्यांनी टाकला. होडी हिसका देऊन थांबली आणि पाण्यातून बुडबुडे वर आले.

"गेला कागद," तुळजाबाई शेजारून हळूच म्हणाल्या.

हिंदुरावांचे दोन पुतणे पाण्यात उतरायला शर्ट काढू लागले, तर त्यांनी होडीतूनच हात केला. कुणी यायचं नाही, काही झालेलं नाही, इवाई बघून घेतील. व्याह्यांना कोणी ओढून काढलं असं दिसता कामा नये ना. पुतण्यांनी शर्ट पुन्हा चढवले. मला मात्र अडवायची कोणाची टाप नव्हती, मी मुलाची आई. शाळेत असताना पोहण्याच्या शर्यती जिंकलेली बाई आहे मी.

लगेच गेले असं नाही. आधी चहा घेतला. हे दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून हिंदुरावांना नांगराचे प्रकार सांगत होते, ते काठावर स्वच्छ ऐकू येत होतं. मग मी ओढणी तुळजाबाईंच्या हातात दिली आणि पाण्यात उतरले.

होडीच्या कडेला धरून मी वर पाहिलं. पुढे दोरांचा नुसता गुंता झाला होता.

"अहो, यातला कोणता सोडू? नाव सांगा."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ह्यांनी त्या गुंत्यावरून नजर फिरवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "सुनीती, मला काही आठवत नाही. मला भीती वाटते आहे."

हिंदुरावांनी मोठा श्वास सोडला. "मलाबी, इवाई. पवायला मलाबी येत न्हाई. तुमी बसला म्हनून बसलो."

वर्षभर चिडवायला पुरेल असं बरंच काही मी मनात जमवून ठेवलं होतं. ते सगळं तिथेच विरघळलं. मला ह्यांची एकदम माया आली. ते फडफडणारं कापड खाली ओढा, असं मी साध्या मराठीत सांगितलं आणि दोघांनी शहाण्या मुलांसारखं ओढलं. नांगराचा दोर सोडून मी होडी काठाला आणली.

भावकीसमोर हिंदुराव सावरून घ्यायला लागले, की इवायांनी नांगर टाकायला लावला म्हणून पाइप वाचले. ह्यांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"नाही हिंदुराव. मला पोहता येत नाही. होडीत मी आज पहिल्यांदा बसलो. नांगर टाकायला सांगितलं ही माझी चूक."

तुळजाबाई उतरत चाललेल्या पाण्याकडे बघत होत्या.

"आदी सांगायचं की, दादा," त्या म्हणाल्या. "कागद ऱ्हायला असता."

ह्यांनी खाली मान घालून ते ऐकून घेतलं. मी तुळजाबाईंकडून ओढणी घेतली आणि ह्यांचा पाणी उडून भिजलेला चष्मा पुसून हातात दिला.