उजवा ज्ञानूचा, डावा पप्पूचा

वाटणीला बसलेल्या पंचांनी सगळ्याचे सरळ दोन भाग केले. रान दोनात, मेंढरं दोनात, घराच्या मधोमध विटांची भिंत. उजवीकडचं घर थोरल्या ज्ञानूला, डावीकडचं धाकट्या पप्पूला. दोन गोष्टींचे मात्र काही केल्या तुकडे होईनात. एक म्हणजे त्यांचा बाप आकाराम ह्याच्या माघारी राहिलेली त्याची पांढरी गाडी आणि दुसरी त्याची बायको, हरणाबाई. पंच पडले हुशार. त्यांनी दोघींना मिळून एकच पाळी लावून दिली. एक महिना आई आणि गाडी ज्ञानूकडं, पुढचा महिना आई आणि गाडी पप्पूकडं. आटपाडीत ह्या निवाड्याचं कौतुकसुद्धा झालं.

हरणाबाईला त्यातली गोम पहिल्याच महिन्यात कळली. एक तारीख उजाडली की सहाच्या ठोक्याला लेक दारात हजर. "आई, आवर की गं लवकर." आईचं बोचकं एका हातात आणि गाडीची किल्ली दुसऱ्या हातात. तो कशाला आलाय हे न कळायला ती काही कुकुलं बाळ नव्हती. पण कशासाठी का होईना, नेतोय ना, म्हणून ती त्याच्या मागनं चालू लागायची. शिवाय वाटणीनंतरच्या दीड वर्षात दोघे भाऊ जे काही चार शब्द बोलायचे ते गाडीवरनंच. डिझेल कुणी संपवलं, सीट कुणी फाडलं. बोलायचे ते वसकन, पण बोलायचे तरी. गाडी नसती तर तेवढंही नसतं.

अशात गाडीला पंधरा वर्षं भरली. आता सांगलीला नेऊन पुन्हा पासिंग करून घ्यायचं, नाहीतर भंगारात घालायची. पासिंगची कामं करणारा एजंट आला, त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुढच्या दिव्यांवर बोट आपटलं.

"हे काय दिवं हायत व्हय? हळदीत बुडवून काढल्यागत दिसत्यात. असली गाडी घिऊन गेलो तर मला बी हाकलून काढतील. नवं बसवा न्हाईतर घासून स्वच्छ करा."

नवे दिवे आणायची दानत दोघांतल्या एकाचीही नव्हती. महिना ज्ञानूचा होता. त्यानं मोबाईलवर बघून घेतलं, बाजारातनं भिजवून घासायचा पाणीपेपर, पॉलिशचा डबा आणि वरनं मारायचा लॅकरचा स्प्रे आणला. रविवारी अंगणात पाट टाकून बसला आणि दुपारपर्यंत एक दिवा घासला. फक्त उजवा. उजवा लख्ख झाल्यावर हात धुऊन भाकरी मागायला लागला.

"आणि त्यो दुसरा रं?" हरणाबाईनं विचारलं.

"त्यो पप्पूचा."

"आरं, गाडी एकच हाय न्हवं?"

"घर बी एकच व्हतं की."

भिंतीपलीकडनं पप्पूचा आवाज आला, "माझा मी बघून घीन. कुणी माझ्यावर उपकार करायचं काम न्हाई."

आणि बघितलं कुणी? कुणीच नाही. आठ दिवस गाडी अंगणात तशीच उभी, एक डोळा उघडा आणि एक मिटलेला. रस्त्यानं जाणारे मुद्दाम थांबून बघायचे आणि हसत पुढं जायचे. बायकापोरं असलेले घोडे, पण अक्कल बघा. हरणाबाईला लाज वाटायची ती वेगळीच. खरी भीती दुसरी होती. गाडी भंगारात गेली तर एक तारखेला सहा वाजता आपल्याला न्यायला कोण येणार, असं तिनं एकदा स्वतःला विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

शनिवारी बाजार. दोघे भाऊ दोन वाटांनी बाजाराला गेले, सुनाही गेल्या. हरणाबाईनं ज्ञानूच्या सामानाची पिशवी काढली आणि पाट घेऊन डाव्या दिव्यापुढं बसली. पेपरमागचे आकडे तिला वाचता येत नव्हते. पण सगळा जन्म लोकर निवडण्यात गेलेला, जाड कुठली आणि मऊ कुठली हे तिची बोटं अंधारातही सांगायची. तिनं पेपरांवरनं अंगठा फिरवला आणि खरखरीत पहिला, मऊ शेवटी, असे ओळीनं मांडले. दिव्याच्या कडेनं पत्र्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे रंगाला ओरखडा नको. पेपर पाण्यात भिजवला आणि घासायला लागली.

पहिल्या पेपरानं पिवळं पाणी सुटलं. पण दिवा पुसून बघते तर पहिल्यापेक्षा वाईट, दुधाळ पांढरा, आतलं काहीच दिसेना. होता तोही घालवला, आता दोन्ही लेक आपल्याच नावानं बोंबलणार, असं तिला वाटलं. मग आठवलं, ज्ञानूचाही मधे असाच झाला होता. तिनं दुसरा पेपर घेतला. आधी आडवं, मग उभं. पाणी घालायचं, पुसायचं, पुन्हा घासायचं. ज्ञानूनं घासलं होतं कसंही गोल गोल, पातेलं घासल्यागत. तिनं घाई केली नाही. शेवटच्या पेपरानं दिव्याची काच आरशागत गुळगुळीत लागायला लागली. जुन्या लुगड्याच्या चिंधीनं पॉलिश चोळलं, मग भोवती वर्तमानपत्रं लावून तोंडाला पदर बांधला आणि स्प्रे मारला. खोकून खोकून जीव गेला. तिन्हीसांजेला ज्ञानू आला तेव्हा डावा दिवा उजव्याला मागं टाकत होता आणि हरणाबाईच्या बोटांची सालटं निघाली होती.

"कुणी केला?"

"मी."

ज्ञानूनं वाकून बघितलं. "बरं झालं," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. बस. आईच्या बोटांना तेल लाव म्हणून बायकोला एका शब्दानं बोलला असता तर काय जीभ झडली असती?

गाडी पहिल्याच खेपेला पास झाली. हरणाबाईनं देवापुढं साखर ठेवली. आता चिंता मिटली, अशी तिची समजूत.

चारच दिवसांनी पप्पू भिंतीला वळसा घालून थोरल्याच्या अंगणात आला. एक तारीख सोडून असा तो वाटणीपासनं पहिल्यांदाच आला. "दादा" म्हणाला. ज्ञानूनं बाज पुढं सरकवली. हरणाबाईचा आनंद पोटात मावेना. तिनं सुनेला बाजूला सारून स्वतः चहा टाकला. चहा घेऊन बाहेर आली तर अंगणात मिरजेचे बशीरभाई, जुन्या गाड्या घेणारे. नवं पासिंग झाल्यावर गाडीला किंमत आली होती. पप्पूनं गिऱ्हाईक आणलं होतं आणि दोघे भाऊ एका बाजेवर मांडीला मांडी लावून बसले होते.

बशीरभाई दिव्यांपुढं उकिडवे बसले. डाव्या दिव्यावरनं त्यांनी तळहात फिरवला.

"हा कुणाचा हात हाय?" त्यांनी विचारलं. "उजव्यावर गोल रेघा राहिल्यात. ह्याच्यावर एक न्हाई. माझ्याकडं कामाला ठेवलेली माणसं पण असं करत न्हाईत."

हरणाबाई चहाची थाळी धरून उभी. एवढ्या वर्षांत तिच्या हाताचं असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

"मी केलाय," पप्पू म्हणाला. "डावा माझ्याकडं व्हता."

हरणाबाईनं ज्ञानूकडं बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं.

"व्हय, त्यानंच केला," ज्ञानू म्हणाला. "लय कसबी हाय आमचा पप्पू."

थोरल्यानं धाकट्याची बाजू घेतली. ह्याच दिवसासाठी तिनं दीड वर्ष नवस बोलले होते. तिनं थाळी खाली ठेवली आणि आत गेली. गाडी त्याच दुपारी मिरजेला गेली.

एक तारीख आली. हरणाबाई पहाटे न्हाऊन, बोचकं बांधून ओट्यावर बसली. सहा वाजले, आठ वाजले. दहाला ज्ञानू भिंतीपलीकडं गेला आणि बराच वेळ दोघांची कुजबुज चालली. ना आवाज चढला, ना शिवी आली. मग दोघे बरोबरच बाहेर आले.

"आई, पल्लवीला फोन केलाय," ज्ञानू म्हणाला. "साताऱ्याच्या पुढं खंडाळ्याला हवा चांगली हाय. जरा लेकीकडं ऱ्हा."

"किती दिस?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "बघू की," पप्पू म्हणाला.

स्टँडवर दोघेही सोडायला आले. ज्ञानूनं साताऱ्याच्या एसटीत बोचकं वर ठेवलं, पप्पूनं खिडकीची जागा धरली. मग खाली उतरून एकाच पुडीतली तंबाखू दोघे मळत उभे राहिले.

शेजारच्या सीटवर भामाबाई म्हणून दिघंचीची एक म्हातारी होती. ती कौतुकानं बघत होती. "दोन्ही ल्योक सोडायला आलं. नशीब काढलंसा, बाई. आमची तर एकमेकांचं त्वांड बघत न्हाईत."

"आमची बी बघत नव्हती," हरणाबाई म्हणाली.

"मग? कुणी मिटवलं?"

"मीच मिटवलं. ह्या हातानं."

"लय पुण्याचं काम केलंसा," भामाबाई म्हणाली.

एसटी सुटली. खिडकीखालनं दोघांनी हात केला. हरणाबाईनं खिडकी ओढून घेतली आणि साताऱ्यापर्यंत उघडली नाही.