बांध कोरणारा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी विहिरीत मगर पाहिली, एकदा वळू पाठीवर घेऊन पूर पोहून आलो. लोक ऐकतात, हसतात, घरी जातात. कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून सिनेमावाले जमिनीच्या भांडणाची ‘खरी’ गोष्ट शोधत आले, तेव्हा मी जीभ सैल सोडली.

सांगितलं ते असं: माझ्या थोरल्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, दरवर्षी नांगरटीला आमच्या शेतांमधला बांध चार-चार बोटं कोरला, माझी कडब्याची गंजी पेटवली आणि मग मी सूड उगवला.

गंजी कधी पेटली नव्हती. सूडही नव्हता. बांध मात्र कोरला होता. तो मी. वीस वर्षं.

माझ्या गोष्टीवरचा हिंदी सिनेमा लागला. दादा इस्त्रीचा सदरा घालून, सुना-नातवंडं घेऊन आला. “आमच्या धाकट्याची गोष्ट आहे,” असं तिकीटवाल्यालाही सांगून माझ्या शेजारी बसला. पडद्यावर खलनायक आला, डावा पाय ओढत, चष्म्याला दोरा बांधलेला. एवढं बारीक कोण सांगतं? मीच! लोकांनी शिव्या घातल्या. नात दादाला म्हणाली, “आजोबा, हा तुमच्यासारखा का चालतो?”

दादानं दोऱ्याचा चष्मा काढून खिशात ठेवला. शेवटपर्यंत तो धुरकट पडद्याकडे तसाच बघत बसला.

कुठं हद्दीवरून जुंपली की लोक दादालाच बोलवायचे. तो काठी टेकवेल तिथं बांध. सिनेमानंतर बोलावणी थांबली. समोरून येणारे रस्ता बदलायला लागले.

हे सगळं माझ्या जिभेमुळं. न्हाव्याच्या दुकानात भरल्या गर्दीत मी सांगून टाकलं, “बांध दादानं नाही, मी कोरला.”

न्हाव्यानं वस्तरा थांबवला. “आबा, याच्यापेक्षा मगर बरी होती.”

“आईशप्पथ खरं!”

“मगरीलाही आईशप्पथच होती.” दुकान खदाखदा हसलं.

मग मी कुदळ उचलली. भर दुपारी, सगळ्यांदेखत, बांध फोडून पाच फूट माझ्या शेतात मागे घ्यायला लागलो. बघ्यांची रांग लागली.

“काय मन आहे आबाचं! ज्यानं लुटलं, त्यालाच वर जमीन देतोय!”

पाय ओढत दादा आला. मी म्हणालो, “दादा, तू तरी सांग यांना. तुला माहीत होतं ना?”

“पहिल्या वर्षापासून.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुझी खाणारी तोंडं जास्त. आणि तोंडाला तोंड लागलं असतं तर तू घरी यायचा थांबला असतास. थापा कुणी ऐकवल्या असत्या?”

“आता तरी सांग!”

“सिनेमातल्या चोराचं कोण ऐकतं?” त्यानं कुदळ माझ्या हातातून काढून घेतली. “तू आता काही चांगलं करू नकोस, बाबा. तू चांगला झालास की मी आणखी वाईट होतो.”

नव्या बांधावर मी टाकलेली माती भुसभुशीत होती. असा कच्चा बांध त्याला बघवेना. चप्पल काढून, दुखऱ्या पायानं तो ती दाबत निघाला. लोक माझ्या नावानं टाळ्या वाजवत होते. माझी मान वर होत नव्हती, आणि त्यालाही ते माझा विनय म्हणत होते.